मुलीला सॉकरमधून कॉलेजला जायचंय? मग क्लब घेताना हे बघा

मे महिना आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास मेसेज येतो, ट्रायआउट (निवड चाचण्या) झाल्या, दोन सॉकर क्लबांकडून ऑफर आलीये, उद्या रात्रीपर्यंत डिपॉझिट भरा म्हणतायत, कुठला घेऊ? माझी मुलगी आता कॉलेजच्या टीममधून खेळतेय, त्याआधी सहा वर्षांत आम्ही तीन क्लब केले, त्यातून जे कळलं ते एकदा नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी, क्लबच्या नावावर जाऊ नका, तुमच्या मुलीची टीम कुठल्या लीगमध्ये खेळणार ते विचारा. एकाच क्लबच्या, एकाच जर्सीच्या, एकाच वयाच्या तीन-तीन टीम असतात. पहिली ईसीएनएल या देशपातळीवरच्या वरच्या लीगमध्ये, दुसरी तिच्या एक पायरी खालच्या ईसीएनएल रीजनल लीगमध्ये, तिसरी कुठल्यातरी लोकल लीगमध्ये. फी मात्र तिघींची जवळपास तेवढीच असते बरेचदा. ऑफरच्या ईमेलमध्ये टीमचं नाव काय लिहिलंय ते दोनदा वाचा, "पुढच्या वर्षी वर घेऊ" असं कोणी तोंडी म्हणालं तर ते धरू नका.

मुलींसाठी वरच्या लीग म्हणजे ईसीएनएल, जी 2009 पासून आहे, आणि गर्ल्स अकॅडमी, जी 2020 मध्ये यूएस सॉकर या राष्ट्रीय संघटनेने आपली डेव्हलपमेंट अकॅडमी ही लीग बंद केल्यावर उभी राहिली. मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट, तीही 2020 चीच, आणि ईसीएनएल बॉईज. एमएलएस नेक्स्टच्या बऱ्याच टीममध्ये हायस्कूलकडून खेळता येत नाही, ईसीएनएलमध्ये येतं, मुलाला शाळेच्या टीमचं वेड असेल तर हे सही करायच्या आधी विचारून घ्या.

लीगला एवढं महत्त्व का, तर कॉलेजच्या कोचकडे वेळ आणि पैसा दोन्ही मोजकं असतं, त्यामुळे ते गावोगाव मॅच बघत फिरत नाहीत, एका वीकेंडला एकाच पार्कमध्ये शेकडो मुली दिसतील अशा शोकेसला जातात, आणि वरच्या लीगच्या शोकेसला जास्त कोच येतात. क्लबचा खरा उपयोग इथे आहे. मैदान हिरवंगार आहे का, किटबॅगवर लोगो भरतकाम केलेला आहे का, याने काही होत नाही.

पण टीममध्ये असणं आणि मैदानावर असणं यात खूप फरक आहे, आणि इथे आमची मोठी चूक झाली. मुलगी नववीत असताना आम्ही एका मोठ्या क्लबची ऑफर घेतली, प्रॅक्टिसला एकीकडून सव्वा तास ड्राइव्ह, आठवड्यातून तीनदा, रविवारची मराठी शाळा तर तेव्हाच सुटली. एका शोकेसला आमच्या मॅचला अकरा कोच होते, मी मोजले होते, घडीच्या खुर्च्या टाकून ओळीने बसलेले, अंगात आपापल्या कॉलेजचे जॅकेट, मांडीवर रोस्टरचा, म्हणजे खेळाडूंच्या यादीचा, कागद. पहिला हाफ संपला तसे चार जण उठले, दुसऱ्या हाफची दहा मिनिटं झाली आणि आणखी पाच जण खुर्च्या घडी करून शेजारच्या मैदानाकडे गेले. माझी मुलगी शेवटची पंधरा मिनिटं राहिली असताना आत गेली, तेव्हा दोघं उरले होते आणि त्यातला एक फोनवर बोलत होता. गाडीत ती काही बोलली नाही, नुसती शिनगार्ड काढून मांडीवर घेऊन बसली होती. ते वर्ष तिचं वाया गेलं असं मी आजही म्हणते.

म्हणून क्लबला सरळ विचारा, माझी मुलगी या टीममध्ये तिच्या पोझिशनला कितवी आहे? मागच्या सीझनला बेंचवरच्या मुलींना साधारण किती मिनिटं मिळाली? आणि तेवढ्यावर न थांबता ट्रायआउटच्या आधीच त्या टीमच्या दोन मॅच जाऊन बघा, घड्याळ लावून बघा. वरच्या लीगमध्ये पंधरा मिनिटं मिळण्यापेक्षा एक पायरी खाली पूर्ण मॅच खेळणं केव्हाही चांगलं, कारण कॉलेजच्या कोचला पाठवायचा व्हिडिओ मॅचमधूनच बनतो, आणि बसून राहिलेल्या मुलीचा व्हिडिओ कुठून आणणार.

दुसरं विचारायचं म्हणजे मागच्या तीन वर्षांत बारावी झालेल्या मुली कुठल्या कॉलेजात गेल्या. वेबसाइटवरचे कॉलेजांचे लोगो बघून भुलू नका, त्यातल्या किती मुली तीन-चार वर्षं याच क्लबमध्ये होत्या आणि किती अकरावीत आयत्या आल्या ते विचारा. आणि कॉलेजच्या कोचचा फोन आला तर क्लबमधून कोण बोलतं? हा प्रश्न फार कामाचा आहे, कारण ते क्लबच्या कोचला विचारतातच, मुलगी कशी आहे, हरल्यावर कशी वागते, शिकते का. ज्या कोचला तुमच्या मुलीचं नाव नीट आठवत नाही तो काय सांगणार? आम्ही नंतर घराजवळच्या लहान क्लबमध्ये आलो, लीग एक पायरी खालची, पण तिथल्या कोचने स्वतः बसून तिच्यासोबत वीस कॉलेजांची यादी केली.

कॉलेजच्या कोचला ईमेल मात्र मुलीनेच लिहायचा, आईबाबांनी नाही. शोकेसच्या दहा-बारा दिवस आधी, त्यात ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, जर्सी नंबर, मैदान नंबर, मॅचची वेळ, जीपीए (शाळेतल्या मार्कांची सरासरी) आणि तीन-चार मिनिटांच्या व्हिडिओची लिंक, आणि त्याच कॉलेजमध्ये का यायचंय याच्या दोन खऱ्या ओळी. डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटाचे, कोच दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपर्यंत उत्तर देऊ शकत नाहीत, नियमच आहे, त्यामुळे नववीत उत्तर आलं नाही म्हणून निराश होऊ नका. डिव्हिजन थ्रीला, म्हणजे तिसऱ्या गटाला, तसं बंधन नाही, ते आधीही बोलतात.

आणि डिव्हिजन थ्री म्हटलं की आपल्या लोकांचं तोंड उतरतं, ते का ते मला कळत नाही. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, एमरी, कार्नेगी मेलन, ही सगळी सॉकरला डिव्हिजन थ्री आहेत. 2022 मध्ये शिकागोच्या मुलांनी आणि हॉपकिन्सच्या मुलींनी आपापली नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, आयव्ही लीगच्या नामांकित कॉलेजांतही नसते, पण कोचला मुलगी हवी असेल तर तो अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात तिचे मार्क ॲडमिशन ऑफिसला आधीच दाखवून घेऊ शकतो, आणि त्याचं मोल मोठं आहे. त्यामुळे शनिवार-रविवार हॉटेलात घालवून अभ्यास बुडवणारा क्लब घेतला तर हा दरवाजा आपणच बंद करतो.

पैशाचंही स्पष्ट सांगते, फुल स्कॉलरशिपच्या आशेवर क्लबची फी भरू नका. डिव्हिजन वनला वर्षानुवर्षं अख्ख्या टीमसाठी मुलींना 14 आणि मुलांना 9.9 स्कॉलरशिप असायच्या, त्या वाटून दिल्या जायच्या. 2025 पासून नियम बदलले, ज्या कॉलेजांनी नवी पद्धत घेतली तिथे स्कॉलरशिपच्या आकड्याऐवजी टीममध्ये 28 खेळाडूंची मर्यादा आली, म्हणजे स्कॉलरशिपला वाव वाढला पण जागा मोजक्या झाल्या. मुलांची वाट आणखी अरुंद आहे, त्यांच्या डिव्हिजन वन टीम मुलींपेक्षा बऱ्याच कमी, टेक्सास किंवा अलाबामासारख्या मोठ्या युनिव्हर्सिटीत मुलींची टीम आहे, मुलांची नाही, आणि आहेत तिथेही परदेशातून आलेले, वयाने मोठे खेळाडू जागा घेतात.

सातवी-आठवीपर्यंत यातलं काहीच डोक्यात घेऊ नका, घराजवळचा क्लब, चांगला कोच, भरपूर बॉल पायाला लागणं, बस. अजून एक, 2026-27 च्या सीझनपासून बहुतेक ठिकाणी वयोगट 1 ऑगस्ट ते 31 जुलै असा होतोय, ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं आता आपल्याच इयत्तेच्या मुलांबरोबर खेळतील. तुमची मुलगी त्यात असेल तर टीम पुन्हा जुळवल्या जातील, पोझिशनची गणितं बदलतील, तेव्हा जुन्या रोस्टरवरून अंदाज बांधू नका, नवीन रोस्टर मागा.

आणि डिपॉझिट भरायच्या आधी एका मंगळवारी संध्याकाळी न सांगता प्रॅक्टिसला जाऊन उभे राहा, तिथे बारावीतल्या एखाद्या मुलीची आई गाडीत बसलेली असेल, तिच्याशी दहा मिनिटं बोला, काय विचारायचं राहिलं ते तीच सांगेल.