घरातल्याची सिगरेट सुटायच्या आधी आपली तयारी

सगळ्यात आधी तारीख, आणि ती आपण नाही ठरवायची, ज्याला सोडायचीय त्याने ठरवायची. मी बाबांसाठी त्यांच्याच वाढदिवसाचा मुहूर्त परस्पर काढला होता, तर त्या संध्याकाळी ते शांतपणे गच्चीत जाऊन ओढून आले आणि वर मलाच म्हणाले, तुझं ठरलंय ना, मग तूच सोड. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतः दोन आठवड्यांनंतरचा रविवार सांगितला. तेवढा वेळ बरोबर आहे, महिनाभर लांबवलं की हुरूप जातो.

या दोन आठवड्यांत डॉक्टरांकडे जाऊन या, शेवटच्या दिवसावर ढकलू नका, कारण व्हॅरेनिक्लिनसारखी, म्हणजे सिगरेटची तलफ कमी करणारी गोळी द्यायची ठरली तर ती साधारण आठवडाभर आधीच चालू करतात. आधीपासून चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्या, सिगरेट सुटल्यावर काहींचा डोस बदलावा लागतो. निकोटिनचं गम घ्यायचं असेल तर उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात लागते ते बघून ठेवा, अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सहसा 4 मिलिग्रॅमचं, नाहीतर 2 चं. आणि ते साध्या च्युइंगमसारखं चघळत बसायचं नसतं हो! सावकाश थोडं चावायचं, तोंडात झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झणझण गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. बाबांनी पहिलं गम कचाकचा चावलं आणि उचक्या लागल्यावर, यापेक्षा सिगरेट बरी, असं जाहीर करून टाकलं. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफीही नको.

कॉफीवरून आठवलं, हे फार कुणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर संपवतं, धूर बंद झाला की तेवढ्याच कपांतलं कॅफिन जास्त वेळ रेंगाळतं, मग धडधड, झोप नाही, चिडचिड, आणि आपण सगळं बिल सिगरेट सोडण्याच्या नावावर फाडतो. म्हणून कप निम्मे करायचं आधीच बोलून ठेवा.

आदल्या दिवशी ॲशट्रे, लायटर, गाडीच्या कप्प्यातलं अर्धं पाकीट सगळं बाहेर काढायचं, पण त्यांच्या हातांनी. आपण मागून कपाटं उचकली की चोर-पोलिस सुरू होतं. पडदे धुवायला टाका, वास राहतो.

आता खरी तयारी, म्हणजे आपलं तोंड. दुसरा-तिसरा दिवस बहुतेकांना सगळ्यात जड जातो आणि पुढचे दोन ते चार आठवडे कमी-जास्त चालू राहतं, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा, मुलांनासुद्धा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी टीव्हीच्या रिमोटवरून जे काही झालं ते लिहिण्यासारखं नाही, पण ते रिमोटचं नव्हतं हे माहीत होतं म्हणून निभावलं. आज ओढली का, हा प्रश्न तर बंदच. त्याऐवजी तलफ आली की काय करायचं ते ठरवून ठेवा, कारण तलफेची लाट बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढीच काढायची असते. आमचं ठरलेलं होतं की बाबा फक्त 'चल खाली' म्हणणार आणि मी हातातलं काम टाकून चपला घालणार, का-बिका विचारायचं नाही. तुम्ही स्वतः ओढत असाल तर निदान घरात, गाडीत आणि त्यांच्यासमोर नाही, एवढं तरी.

पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो, छाती साफ होत असते, त्यामुळे बघ सोडल्यापासूनच झालं हे, असं कुणी म्हणू नये. रक्त पडलं किंवा खोकला थांबेचना तर मात्र डॉक्टर.

आणि घसरणं. यासाठीचं वाक्य आधीच तयार ठेवा, ऐनवेळी तोंडातून भलतंच जातं. निकोटिनचा पॅच, म्हणजे अंगावर चिकटवायची पट्टी, लावलेला असेल तर एक ओढली म्हणून तो काढून फेकायचा नसतो, सगळं मुसळ केरात गेलं असंही नसतं, कुठे, कुणाबरोबर, किती वाजता एवढं शांतपणे बघायचं. एकविसाव्या दिवशी बाबा एका लग्नाहून आले आणि शर्टाला वास होता. मी एवढंच विचारलं, पॅच आहे ना लावलेला? ते म्हणाले, आहे, आणि मग स्वतःच म्हणाले, चल खाली.