अंगण न खोदता ड्रेनेज लाइनची दुरुस्ती: आधी कॅमेरा, मग अस्तर

जुन्या बंगल्यांत ४ किंवा ६ इंची स्टोनवेअरचे (भाजलेल्या मातीचे) पाइप सिमेंटच्या सांध्यांनी जोडलेले असतात. सांधा तडकला की ओलाव्याच्या मागावर झाडाची मुळं आत शिरतात. अशा लाइनला आतून एपॉक्सीचं (सुकून कडक होणाऱ्या रेझिनचं) अस्तर करता येतं. चेंबरमधून पाइपाचं तोंड मोकळं मिळालं तर खोदाई लागत नाही.

आधी कॅमेरा घालाच. मध्येच पाणी साचलेलं दिसलं तर पाइप खचलाय. अस्तर त्या खोलगट भागाचाच आकार घेतं आणि तुंबणं सुरूच राहतं, तेवढा तुकडा खोदणंच बरं. पाइप पूर्ण कोसळला असेल तरीही अस्तर जमत नाही.

मुळं कटरने कापून जेटिंग (जोरदार दाबाच्या पाण्याने धुलाई) करा, पुन्हा कॅमेरा फिरवा. मूळ राहिलं की तिथे अस्तराला उंचवटा येतो आणि मैला अडकतो. अस्तरासाठी एपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेली फेल्टची (जाड, मऊ कापडाची) नळी हवेच्या दाबाने आत उलटवतात. ती कडक होईपर्यंत काही तास घरातले नळ, फ्लश पूर्ण बंद. उन्हात रेझिन लवकर धरतं, म्हणून काम सकाळी लवकर सुरू करायला सांगा.

बाथरूम-मोरीच्या जोडण्या अस्तराखाली झाकल्या जातात. त्या आतून कापून उघडून देण्याचं काम कोटेशनमध्ये लिहून घ्या.