हिजाब, तान्हं बाळ आणि ओटीची ड्युटी

मेडिकलला नव्याने आलेल्या मुस्लिम मुली मला पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात की हिजाब घालून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जाऊ देतात का. माझा अनुभव, हो, देतात. पण खरं सांगायचं तर माझा हिजाबचा प्रश्न महिन्याभरात सुटला आणि बाळाच्या दुधाचा प्रश्न वर्षभर पुरला, आणि त्याबद्दल आधी कोणी चकार शब्द काढला नव्हता, म्हणून दोन्ही लिहितेय.

आधी बाह्या. पहिल्या पोस्टिंगला मी मनगटापर्यंत बाह्या घालून गेले आणि एका सिनियरने सगळ्या वॉर्डसमोर त्या वर करायला लावल्या. बाथरूममध्ये जाऊन रडले. सांगायची पद्धत चुकलीच त्यांची, पण मुद्दा बरोबर होता, बाही असली की मनगट नीट धुतलं जात नाही आणि तोच कफ पुढच्या पेशंटला लागतो. मार्ग दाखवला तो इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरने, डिस्पोजेबल ओव्हरस्लीव्ह. कोपराला आणि मनगटाला इलॅस्टिक असतं, हात धुवून घालायच्या आणि ग्लोव्हजसारख्याच प्रत्येक पेशंटनंतर फेकायच्या. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०१० च्या गाइडलाइनमध्ये हे लिहूनच दिलंय, कोणी म्हणालं असं कुठे असतं तर ते दाखवा. आणि हे रुजू व्हायच्या आधी विचारा, माझ्यासारखं वॉर्डात उभं राहून नको.

स्कार्फ कॉटन जर्सीचा घ्या, टोकं स्क्रबच्या आत खोचा, पिन अजिबात नको. ओटीचा वेगळा ठेवा आणि रोज धुतलेला घाला. डिस्पोजेबल पण मिळतात आता, रॉयल डर्बी हॉस्पिटलने २०१९ मध्ये सुरू केले होते. नसतील तर कान-मान झाकणारा सर्जिकल हूड मागा. एन-९५ असेल तर आधी मास्क मग स्कार्फ, कारण चेहरा आणि मास्कच्या मध्ये कापड आलं की सील बसत नाही, त्यामुळे फिट टेस्ट (मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का ती तपासणी) पण रोजच्या स्कार्फसकट करून घ्या.

नमाजचं टेन्शन मला जास्त होतं, खास करून वुजूचं, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याचं, बेसिनमध्ये पाय धुवायचे कसे. चामड्याच्या मोज्यांनी ते संपलं. वुजू करून मोजे घातले की प्रवासात नसलेल्या माणसाला एक दिवस एक रात्र पाय धुवावे लागत नाहीत, मसह केला, म्हणजे मोज्यांवरून ओला हात फिरवला, की झालं. ऑपरेशनची केस लांबली तर दोन नमाज एकत्र पढण्याबद्दल मसलकाप्रमाणे (धार्मिक पंथाप्रमाणे) मत वेगळं आहे, ते आपल्या आलिमांना, म्हणजे धर्माच्या जाणकारांना, ड्युटी नीट समजावून विचारा.

ब्रँच निवडताना सगळे म्हणाले गायनॅकच घे, बायकांचंच काम. मला भूलशास्त्र आवडायचं, तेच घेतलं. पुरुष पेशंट असतात, गरजेपुरती तपासणी करते, खाजगी भाग तपासायचा असेल तर तिसरी व्यक्ती सोबत, आणि तो नियम तर सगळ्याच डॉक्टरांना आहे.

आता बाळ. दिवस राहिले की लवकर सांगा, एक्स-रेची रूम, भुलीचे गॅस, रात्रीच्या ड्युट्या, सगळ्याची सोय आधी लावावी लागते. मी लेक पाच महिन्यांची असताना परत रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात एक केस सहा तास चालली, मी कोणाला काही बोलले नाही, छाती दगडासारखी झाली आणि दोन दिवसांनी ताप, मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाला आलेली सूज. विभागप्रमुख पुरुष, त्यांच्यासमोर दुधाचा विषय कसा काढायचा, "सर थोडी अडचण आहे" एवढंच म्हणायचे मी आणि यालाच हया, म्हणजे लाज-मर्यादा, समजत होते. तापात पडल्या पडल्या ती हदीस (पैगंबरांच्या काळातली नोंद) आठवली, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी अन्सारच्या, म्हणजे मदिनेतल्या मुस्लिम, बायकांचं कौतुक केलंय की लाज त्यांच्या दीन (धर्म) शिकण्याच्या आड आली नाही. त्या बायका नबींना (पैगंबरांना) अगदी नाजूक प्रश्न सरळ विचारायच्या आणि मी एक खोली मागू शकत नव्हते!

मग मेल लिहिला, सगळं स्पष्ट. दर तीन तासांनी वीस मिनिटं, आतून कडी लागणारी खोली, फ्रिजचा एक कप्पा, आणि तेवढा वेळ केस कोण बघणार त्याचं नाव पण मीच सुचवलं. दुसऱ्या दिवशी हो आलं. काढलेलं दूध बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं, बाटलीवर वेळ लिहायची. पंप करताना मोठा स्कार्फ अंगावर ओढला की कोणी चुकून आलं तरी धडधड होत नाही.

घरी नवऱ्याशी पण असंच स्पष्ट बोलावं लागलं, रात्रीची बाटली त्याची, माझ्या नाइटला मला फोन करायचा नाही. रमजानमध्ये दूध कमी व्हायला लागलं तेव्हा रोजे थांबवले, दूध पाजणाऱ्या आईला ती सूट आहेच. लेकीचं दूध सुटल्यावर हिवाळ्यातल्या छोट्या दिवसांत एकेक करून सगळे कजा, म्हणजे राहिलेले रोजे, पूर्ण केले, ड्युटी नसेल त्या दिवशी.