गोव्यात घरपट्टी नावावर करणे आणि कुत्र्याची नोंदणी

घर गावात असेल तर पंचायतीत जा, शहरात असेल तर पालिकेत, पणजीत महानगरपालिकेत. घरपट्टी नावावर करायला अर्जासोबत विक्रीखताची प्रत, आधीच्या मालकाची शेवटची पावती आणि ओळखपत्र जोडा. जुनी थकबाकी असेल तर अर्ज तिथेच अडकतो, म्हणून खरेदीआधीच ती विचारून घ्या. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे धरतात.

एक गैरसमज मात्र पक्का रुजलाय, की घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा. तसे नव्हे! जमिनीसाठी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा गोव्यातला सरकारी कागद) वेगळा बघावा लागतो. त्यावर नाव चढवायला म्युटेशनचा (फेरफाराचा) अर्ज मामलेदार कचेरीत करायचा, पंचायतीत नव्हे. मजला वाढवला की पट्टीही वाढते. लपवलेले बांधकाम विक्रीच्या वेळी हमखास वर येते.

कुत्र्याची नोंदणीही पंचायत-पालिकेतच. आधी रेबीजची लस, मग अर्ज. पिल्लू ३ महिन्यांचे झाले की पहिला डोस, साधारण महिन्याने दुसरा, पुढे दरवर्षी. कार्डावर तारीख, बॅच नंबर आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवाच. बहुतेक अर्ज यावरूनच परत येतात. नोंदणीचा बिल्ला मिळाला तर पट्ट्याला लावा, कपाटात ठेवू नका.