सोलापूरहून वासोटा: दोघांसाठी डोंगरातल्या चार दिवसांची आखणी

सोलापुरातून निघालेल्या डोंगरसहली बहुतेक वेळा यादीपायी फसतात. चार दिवसांत महाबळेश्वर, पाचगणी, प्रतापगड, कास, ठोसेघर आणि जमलंच तर वासोटा असा बेत ठरतो. मग निम्मा वेळ घाटात गाडी चालवण्यात जातो, उरलेला पार्किंग शोधण्यात. दोघंच जाणार असाल तर मुक्काम एकच ठेवा आणि चढाईही एकच. हे सूत्र धरून खालची आखणी सातारा, बामणोली आणि वासोटा या टापूसाठी केली आहे. इथे पोचायला पुण्याच्या गर्दीतून जावं लागत नाही. शिवसागर जलाशय, दाट जंगल आणि वासोट्याचा गड, हे सगळं बामणोली या जलाशयाकाठच्या एकाच गावातून करता येतं.

तारीख: पंचांग आणि वनखातं, दोन्ही बघून

वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. पावसाळ्यात गड बंद असतो आणि पाऊस सरल्यावर उघडतो. कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात. म्हणून ‘फुलंही बघू आणि वासोटाही करू’ हा बेत जुळत नाही, एक काहीतरी निवडावं लागतं. चढाईसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मार्चपासून ऊन चढतं, गवत वाळतं आणि वणव्याची भीती असते.

आता अडचण रस्त्याची. आपली वाट पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव अशी साताऱ्याला जाते. कार्तिकी एकादशीच्या आगेमागे पंढरपुरातून गाडी काढणं म्हणजे शिक्षाच. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, गोंदवल्याला महाराजांचा पुण्यतिथी उत्सव आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, तिन्ही याच रस्त्यावर. संक्रांतीला तर गड्ड्याची यात्रा आपल्याच गावात, तेव्हा घरातून निघूही देणार नाहीत. हे दिवस सोडून उरलेल्यांतून तारीख निवडा.

वार कोणता, हा पैशांचा प्रश्न आहे. गडाच्या पायथ्याला बामणोलीहून बोटीने जायचं असतं, आणि ही बोट सहसा अख्खी ठरते, माणशी तिकीट नसतं. शनिवार-रविवारी एखाद्या ग्रुपबरोबर भाडं वाटून घेता येतं, पण वाटेवर रांग लागते. आमचं मत विचाराल तर गुरुवारी निघा आणि शुक्रवारी चढा. रजा दोनच लागतात, बोटीला चार पैसे जास्त जातात, पण जंगल जंगलासारखं वाटतं. निघण्याच्या आठवडाभर आधी बामणोलीला फोन करून तीन गोष्टी विचारा: त्या दिवशी गड उघडा आहे का, पहिली बोट किती वाजता सुटते आणि परत किती वाजेपर्यंत यायचं.

पाय: तीन आठवडे जिना

जलाशयाच्या काठापासून गडमाथ्यापर्यंत साधारण पाचशे-सहाशे मीटर उंची चढायची आहे. सोलापूर सपाट. सिद्धेश्वर तलावाभोवती रोज तासभर फिरणाऱ्यालाही चढाची सवय नसते. आपल्याकडे चढ मिळतो तो जिन्यातच. चार मजल्यांची इमारत धरली तर एका फेरीत सुमारे १२ मीटर चढणं होतं. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड ५ फेऱ्या करा, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात १५ आणि त्याही पाठीवर ४-५ किलोची सॅक घेऊन. लिफ्टने खाली येऊ नका. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे. उताराच्या प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, आणि ही सवय फक्त उतरूनच लागते. निघण्याआधी दोन दिवस पूर्ण विश्रांती.

बूट घ्यायचे असतील तर याच तीन आठवड्यांच्या सुरुवातीला घ्या. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून बघा. पुढे अंगठ्यासमोर बोटभर जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात.

मुक्काम: तंबू कुठे लावायचा

अभयारण्यात आणि गडावर मुक्काम करता येत नाही. बामणोली, शेंबडी, तापोळा या बाजूला जलाशयाकाठी खासगी जागेत तंबू आणि खोल्या मिळतात. तयार तंबू घेत असाल तर तीन गोष्टी आधी विचारून घ्या: खाली गादी आहे का, संडास किती अंतरावर आहे आणि रात्री मोठ्या आवाजात गाणी लागतात का. तिसरा प्रश्न विचारायला संकोचू नका. ओळखपत्रं दोघांचीही मूळ प्रत न्या. मुक्कामाला आणि वनखात्याच्या नोंदणीला, दोन्हीकडे लागतात.

स्वतःचा तंबू नेणार असाल तर ‘दोन माणसांचा’ म्हणून विकला जातो तो घेऊ नका. त्यात दोन माणसं मावतात, सॅका मावत नाहीत. तीन माणसांचा घ्या. नवीन असेल तर एकदा घराच्या गच्चीवर उभा करून पाहा. पोल कमी निघणं किंवा चेन अडकणं हे घरीच कळलेलं बरं.

जागा निवडताना पाण्याला अगदी खेटून, खोलगट भागात तंबू लावण्याचा मोह होतो, कारण फोटो तिथे छान येतो. पण रात्री थंड हवा जड होऊन खाली उतरते आणि अशाच खोलगट जागी साचते. महाबळेश्वरात हिमकण दिसतात ते वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला, गावात नाही, ते याच कारणाने. पाण्यापासून थोडं वर, किंचित उंचवट्यावर, वाळक्या फांद्या नसलेली जागा बघा. जमीन जांभ्या दगडाची असेल तर खुंट्या आत जात नाहीत, वाकतात. अशा वेळी दोरीचा फास मोठ्या दगडाला मारायचा. म्हणून ३-४ मीटर जादा दोरी जवळ असू द्या.

सकाळी तंबू आतून ओला दिसला की लोक म्हणतात, गळतोय. तो गळत नसतो. दोघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते. वरच्या झडपा रात्रभर उघड्या ठेवा, ओले मोजे आत सुकवू नका.

सामान: चादर घरीच ठेवा

सोलापूरकराला हे पटवणं अवघड आहे, पण तंबूत सोलापुरी चादर नेऊ नका. सुती कापड दव ओढून घेतं, जड होतं आणि एकदा ओलं झालं की ऊब देत नाही. प्रत्येकाला एक स्लीपिंग बॅग (५ अंशांपर्यंत चालेल अशी) आणि खाली फोमची मॅट. मॅट विसरली तर बॅग कितीही चांगली असो, थंडी जमिनीतून वर येते. चादर न्यायचीच असेल तर गाडीत ठेवा, सकाळी चहा पिताना पांघरायला.

चढाईच्या दिवसासाठी दोघांत मिळून एकच ३० लिटरची सॅक पुरे, ती आलटून पालटून घ्यायची. तिच्यात पाणी (माणशी ३ लिटर), खाणं, दोन विंडचिटर, दोन हेडटॉर्च, जादा मोज्यांची एक-एक जोडी, शिट्टी आणि औषधांची पिशवी. औषधांत क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, जंतुनाशक, नेहमीच्या गोळ्या आणि ओआरएसची ४ पाकिटं. मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घालायचं. पेलाभर पाण्यात अंदाजे अर्धं पाकीट घातलं तर क्षारांचं प्रमाण वाढतं आणि त्रासच होतो.

वनखातं प्लास्टिकच्या बाबतीत कडक आहे. आत नेलेल्या वस्तू मोजून नोंदवतात आणि परत आणल्या का ते तपासतात. म्हणून बिस्किटांचे पुडे, वेफर्स टाळा. स्टीलच्या बाटल्या आणि डबे घेतले तर नोंदणीही लवकर उरकते. अत्तर, बॉडी स्प्रे त्या दिवशी लावू नका. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतात. उग्र वास आणि धूर यांनी ती उठतात. सिगारेट तर काढायचीच नाही.

शिदोरी

इथे मात्र आपण सोलापूरकर नशीबवान. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यापेक्षा चांगली डोंगरातली शिदोरी नाही. भाकरी कित्येक दिवस टिकते, वजनाला हलकी, शिजवायची भानगड नाही. चढाईच्या दिवशी माणशी ३ भाकऱ्या आणि दोघांत १०० ग्रॅम चटणी पुरते. दोन धोके लक्षात ठेवा. कडक भाकरी सॅकमध्ये सुटी ठेवली तर तळाशी चुरा सापडतो, म्हणून तिच्या मापाच्या पसरट स्टीलच्या डब्यात, मध्ये कागद घालून रचा. आणि जलाशयाकाठच्या दमट हवेत उघडी राहिली तर ती रात्रीत वातड होते, डब्याचं झाकण घट्ट हवं. चटणी कोरडी आणि झणझणीत असल्याने तहान लागते, तेव्हा सोबत काकडी, टोमॅटो, कांदा घ्या. चालता चालता खायला गूळ-शेंगदाणे आणि खजूर. भूक लागायची वाट न बघता तासाला मूठभर. धपाटे पहिल्या दिवशीच्या प्रवासात संपवा.

पहिला दिवस: रस्ता

सोलापूर ते सातारा सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, तिथून यवतेश्वर घाट चढून कासमार्गे बामणोली साधारण ४० किलोमीटर. येणं-जाणं आणि थोडं इकडेतिकडे धरून ५५० किलोमीटर. लिटरला १५ चालणाऱ्या गाडीला ३७ लिटर पेट्रोल लागेल. सकाळी ६ ला निघालात तर नाश्ता करून बाराच्या सुमाराला साताऱ्यात पोचता. टाकी साताऱ्यातच भरा आणि रोख रक्कमही तिथेच काढा. पुढे मोबाइलला रेंज धड नसते, त्यामुळे बोटीचे पैसे ऑनलाइन देऊ या भरवशावर राहू नका. घरी एका माणसाला तुमची वेळापत्रकाची चिठ्ठी द्या: कुठे मुक्काम, चढाई कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी करायची. आणीबाणीला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८.

एसटीनेही जमतं. सातारा स्टँडवर बामणोलीची गाडी बदलायची. मात्र गाड्या मोजक्याच, म्हणून सोलापूरहून पहाटेच निघा.

उजेड असताना बामणोलीला पोचा. संध्याकाळी बोट क्लबवर जाऊन सकाळची बोट पक्की करा, बरोबर कुणी जोडीदार ग्रुप मिळतो का तेही बघा. रात्री लवकर झोपा.

दुसरा दिवस: वासोटा

या दिवसाचं गणित उलटीकडून मांडायचं. परतीची बोट संध्याकाळी ५ ला असेल तर ४:३० ला काठावर हवं. उतरायला २ तास आणि वर अर्धा तास राखीव धरला तर २ वाजता माथा सोडला पाहिजे. म्हणजे साधारण १ वाजता वर पोचायला हवं. चढायला अडीच ते तीन तास लागतात, तेव्हा दहापर्यंत चालायला सुरुवात झाली पाहिजे. बोटीला दीड तास आणि नोंदणीला वेळ, म्हणून बोट ८ च्या आत सुटायला हवी. सकाळी उशीर झाला तर वनखातं वर सोडत नाही आणि त्यात त्यांचं चुकत नाही. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, जंगलात त्याआधीच अंधारतं, आणि इथे गवे, अस्वलं आहेत.

निघतानाच एक वेळ ठरवून टाका: दीड वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, गड दहा मिनिटांवर दिसत असला तरी. हे सकाळी ठरवलं तर दुपारी भांडण होत नाही.

बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बंद लावून घाला. सकाळचा वारा बोचरा असतो, विंडचिटर सॅकच्या तळाशी नको. चालताना दोघांत जो हळू चालतो तो पुढे. उलट केलं तर पुढचा थांबून दम खातो आणि मागचा पोचला की लगेच निघतो. मागच्याला विश्रांती कधी मिळतच नाही. बोलता येईल इतक्याच गतीने चाला. सुरुवातीला ओढ्याजवळ बाटल्या पूर्ण भरलेल्या आहेत का बघा. पुढची वाट झाडीतून, सावलीतून जाते, पण चढ सलग आहे. वाळलेला पाचोळा आणि त्याखालचे गोल दगड यांवरून उतरताना घसरायला होतं, तिथे पाय आडवा टाकायचा.

वर मारुती, महादेवाचं मंदिर, वाड्याचे अवशेष आणि बाबू कड्याची बाजू बघायला तास पुरतो. कड्याच्या कडेला उभं राहून सेल्फी नको, बसून बघा. मग डबा उघडा. खरकटं आणि कागद परत सॅकमध्ये.

तिसरा आणि चौथा दिवस

शनिवारी काही करू नका. पाय दुखणारच. सकाळी अर्धा तास सपाटीवर चाला, त्याने ते सुटतात, आणि दुपारी वाटलं तर बोटीने कोयना, सोळशी, कांदाटी या नद्यांच्या त्रिवेणी संगमाला जाऊन या. शेवटच्या दिवसासाठी चढाई राखून ठेवणारे लोक इथेच चुकतात. ताठरलेले पाय घेऊन सहा तास क्लच दाबायचा, तोही झोप अनावर होत असताना.

रविवारी नाश्ता करून निघा. सज्जनगड करायचा असेल तर साताऱ्यातून थोडी वाकडी वाट होते, पायऱ्या चढवत असतील तरच. घरी आल्यावर तंबू कितीही कोरडा वाटला तरी गुंडाळलेला ठेवू नका, दोन दिवसांत बुरशीचा वास धरतो. गच्चीवर सावलीत पसरा. सोलापूरच्या थेट उन्हात टाकला तर वाळतो पटकन, पण कापडाचा वरचा लेप खराब होतो.