गुरूविना ग्रॅनाइट कोरायला शिकताना

नाशिकचा स्थानिक दगड बेसॉल्ट असून पांडवलेणी त्यातच कोरलेली आहेत. ग्रॅनाइट मात्र बाहेरून आणावा लागतो. म्हणून स्वतःच शिकणाऱ्याने आधी फरशीच्या दुकानातील उरलेल्या जाड तुकड्यांवर हात बसवावा, कारण एका घनफुटाच्या ठोकळ्याचे वजनच सुमारे ७५ किलो भरते.

ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झची कठिणता मोहस मापनावर (१ ते १० अशी कठिणतेची मोजपट्टी) ७ असल्याने साध्या पोलादी छिन्नीचे टोक लवकर बोथट होते. येथे कार्बाइड टोकाची छिन्नी आणि हिऱ्याच्या पात्याचा ग्राइंडर हवा. आकृती आखल्यावर नको असलेल्या भागात पात्याने समांतर खाचा पाडाव्यात, मधल्या पट्ट्या हातोडी-छिन्नीने उडवाव्यात आणि नाक, बोटे अशा नाजूक अवयवांभोवतीचा दगड शेवटपर्यंत राखावा.

या दगडाच्या धुळीतील सिलिकामुळे सिलिकोसिस हा बरा न होणारा फुप्फुसांचा आजार जडतो. तोंडाला रुमाल बांधणे निरुपयोगी आहे. ओल्या कापणीसाठी बनवलेले यंत्र पाणी सोडत चालवावे, चांगला श्वसनमास्क घालावा आणि वीजजोडणीला ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा.

पॉलिश खरखरीत दाण्याच्या पॅडपासून बारीक दाण्याच्या पॅडकडे, एकही टप्पा न गाळता करावे. सगळीच मूर्ती चकचकीत करण्याची हौस मला पटत नाही. वस्त्र आणि केस खरबरीत ठेवल्यास चेहरा अधिक उठून दिसतो.