फौजेबद्दलचा प्रश्न खासदारामार्फत संसदेत कसा न्यावा

माझा धाकटा लडाखला तैनात आहे. वरणगावच्या ओट्यावर बसून नुसती चिंता करण्यापेक्षा मी खासदारांना पत्र लिहायला शिकलो.

आधी हे पक्कं समजा: तुकडी कुठे आहे, गुप्तचरांना काय कळलं, असलं विचारूच नका. गुप्त बाबींवरचा प्रश्न नियमातच बसत नाही, आणि बसूही नये. पोरांच्या जिवाचा सवाल आहे. विचारायचं ते पैशाचं, खरेदीचं, उशिराचं. उंचावरच्या जवानांच्या कपड्यांतल्या आणि रेशनमधल्या त्रुटी कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या संस्थेच्या, अहवालातूनच फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेसमोर आल्या. असा अहवाल हाताशी ठेवा, पान क्रमांक पत्रात घाला.

पत्रात एकच विषय. माझं पहिलं पत्र चार पानी होतं, उत्तरच आलं नाही. लोकसभेत प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधीच पत्र पोचवा. तारांकित प्रश्न मागा. त्यावर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून बोलावं लागतं, उपप्रश्नही निघतात. अतारांकित असेल तर फक्त लेखी उत्तर मिळतं.

उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे’ दिसलं की कागद फाइलला लावू नका. ते सरकारचं आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. तारीख कॅलेंडरवर लिहा, तीन महिने झाले की खासदारांना पुन्हा पत्र टाका.